आधी आपण खाली

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, आयुष्यभर एका नाट्यगृहात वस्तू टांगायचं काम करत होते. असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नक्की काय?" तर रंगमंचाच्या वर, प्रेक्षकांना कधीच न दिसणाऱ्या अंधारात, पडदे, दिवे, खिडक्यांच्या चौकटी, झुंबरं, कधी चंद्र, कधी अख्ख्या राजवाड्याचं छत असं बरंच काही दोरांवर लोंबत असतं. ते वेळेवर खाली यावं लागतं आणि वेळेवर वर जावं लागतं. भलत्या वेळी आलं तर नाटक पडतं, आणि फारच भलत्या वेळी आलं तर माणूस. हे सगळे दोर दाजींच्या हातात असत. नाट्यगृहात त्यांना त्यांच्या नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. नटांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'दोरवाले' म्हणत.

त्यांचा एक नेम होता. नवीन वस्तू टांगली की तिच्याखाली पहिला माणूस ते स्वतः. नुसते उभे राहायचे नाहीत, रंगमंचावर चक्क आडवे व्हायचे. डोळे मिटायचे आणि वर उभ्या असलेल्या सहकाऱ्याला सांगायचे, "हं, हलव." तो दोराला हिसके द्यायचा, वस्तू अर्धी खाली आणायचा, पुन्हा वर न्यायचा. दाजी तसेच पडून. मग उठून धोतर झटकायचे आणि म्हणायचे, "चला, मोकळं."

नटमंडळी त्यांची थट्टा करत. "दोरवाले झोपले का? मग रंगवा तोंडं, आज खेळ होणार." एकदा एक मोठे नट घाईत होते. ते म्हणाले, "अहो, उठा आता. नाही पडत ते."

दाजी डोळे न उघडता म्हणाले, "पडलं तर माझ्यावर पडू दे. बाहेर पाटी तुमच्या नावाची लागलीय."

मी त्या वेळी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होतो. प्रत्येक गोष्टीला कारण लागतं अशा वयात होतो. मी त्यांना विचारलं, "डोळे कशाला मिटायचे? उघडे ठेवले तर काही होताना दिसेल तरी."

"म्हणूनच मिटायचे. डोळे उघडे असले की माणूस नकळत अंग चोरतो. मग परीक्षा वस्तूची होत नाही, आपल्या भित्रेपणाची होते. टांगलेली वस्तू कानांनी तपासायची. ती बोलते. आधी करकरते, मग सुस्कारा टाकते. गप्प झाली की समजायचं, बसली." मग म्हणाले, "आम्हाला शिकवणाऱ्यानं एकच गोष्ट शिकवली. आधी आपण खाली, मग दुसरे."

अक्का, म्हणजे माझी बहीण, लग्न झाल्यापासून संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन नाट्यगृहात जायची आणि खेळ संपेपर्यंत विंगेत एका उलट्या खोक्यावर बसून राहायची. मालकांनी तिला कितीदा सांगितलं असेल, "वहिनी, पुढे बसा की खुर्चीवर, जागा रिकामी आहे." ती गेली नाही. "माझा माणूस वर, आणि मी तिथे बसून काय बघू?" असं म्हणायची. त्यामुळे अक्कानं जितकी नाटकं पाहिली ती सगळी मागच्या बाजूनं. पुढून जो संगमरवरी राजवाडा, तो तिच्या बाजूनं गोणपाट, खिळे आणि खडूनं टाकलेले आकडे. ती हसून सांगायची, "मला सगळ्या नाटकांची पाठ पाठ आहे."

खुर्चीवर बसायचं काम माझ्याकडे आलं. नवीन नाटक उभं राहायचं त्या दिवशी दाजी मला बोलावून घेत आणि रिकाम्या प्रेक्षागृहात मधोमध बसवत. वरून अंधारातून आवाज यायचा, "मेहुणे, तिथून कसं दिसतंय?" मी म्हणायचो, "चंद्र थोडा डावीकडे घ्या." चंद्र डावीकडे सरकायचा. पुढे मी एका कंपनीच्या हिशेब खात्यात लागलो. तिथे माझ्या शब्दानं एक टाचणी कधी डावीकडे सरकली नाही. म्हणून असेल, चंद्र सरकवण्याचं अप्रूप मला बरीच वर्षं पुरलं.

मग निवृत्तीला थोडा काळ उरला असताना एका तालमीत दाजींच्या हातून दोर निसटला. वर गेलेली खिडकीची जड चौकट सपकन खाली आली. दुसऱ्या हातानं त्यांनी दोर पकडला तेव्हा ती माणसाच्या उंचीवर थांबली. तिथे उभी राहून संवाद म्हणणारी मुलगी नेमकी पाणी प्यायला विंगेत गेली होती. कोणालाही लागलं नाही, कोणी ओरडलंही नाही. दाजींनी चौकट वर नेली, दोर खुंटीला बांधला, तळहात सोलवटला होता तो रुमालात गुंडाळला आणि सरळ मॅनेजरच्या खोलीत गेले. "माझ्या बोटांत आता पकड राहिली नाही," ते म्हणाले. "मला वरून काढा."

उरलेली नोकरी त्यांनी कपड्यांच्या खोलीत केली. राजांचे अंगरखे घड्या घालून कपाटात ठेवायचे आणि मागितले की काढून द्यायचे. नाट्यगृहानं त्यांना दोष दिला नाही. पण त्या दिवसानंतर दाजींनी कुठेही काहीही टांगलं नाही. घर बदललं तेव्हा भिंतीवरचं घड्याळ काढलं ते नव्या घरात फळीवर टेकून राहिलं. आरसा टेबलावर भिंतीला टेकवलेला. त्यात बघायला वाकावं लागायचं. अक्का वाकायची. वर्षानुवर्षं वाकून तिनं केस विंचरले, पण "एक खिळा मारा हो" असं कधी तिच्या तोंडून निघालं नाही.

गेल्या वर्षी अक्काच्या कण्यानं दगा दिला. शस्त्रक्रिया झाली, पण बसायची ताकद काही परत आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पाठीवर सपाट झोपायचं, उशी पातळ, गळ्यात पट्टा, मान वळवायची नाही. आतल्या खोलीत चाकांचा पलंग आला. डोकं खिडकीच्या भिंतीला, पाय दाराकडे. दाजींनी स्वयंपाक, औषधं, अंग पुसणं सगळं शिकून घेतलं. पण अक्काच्या डोळ्यांपुढे रात्रंदिवस एकच गोष्ट होती, ती म्हणजे छत.

सुरुवातीला तिनं त्याचीही चेष्टा केली. मी रविवारी गेलो की म्हणायची, "ये बाळ्या, बस. आज वर बघ, त्या ओल्या डागाला नाक फुटलंय." मी निवृत्तीला आलो तरी तिच्या लेखी बाळ्याच होतो. मग हळूहळू ती डागाबद्दल बोलेनाशी झाली. मग बोलेनाशीच झाली. विचारलं तर हो-नाही एवढंच. दाजी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत. ती ऐकते की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण चेहरा आमच्याकडे वळत नव्हता.

माझी भाची दुसऱ्या गावी नोकरी करते. ती एका शनिवारी आली ती टीव्ही आणि एक लांबट खोकं घेऊन. खोक्यात छताला लावायचा घडीचा स्टँड होता. मिटला की टीव्ही छताला चिकटून आडवा बसतो, पडदा वर आणि पाठ खाली. मूठ धरून ओढला की खाली उतरतो आणि थोडा पुढे झुकतो. आडव्या पडलेल्या माणसाला मान न हलवता दिसावा म्हणून केलेली सोय. सोबत दुकानाचा फिटर होता. चांगला हसतमुख माणूस. त्यानं शिडी लावली, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "काही नाही आजी, तासाभराचं काम."

अक्का बऱ्याच दिवसांनी आपण होऊन बोलली. "कुठे लावणार?"

"इथेच, तुमच्या वर."

"लावल्यावर तू खाली झोपशील?"

फिटरला वाटलं, आजी थट्टा करतात. "मी झोपलो तर पुढची कामं कोण करणार?"

"झोप म्हणत नाही. पड थोडा वेळ. डोळे मिटून."

"आजी, कंपनीची वॉरंटी आहे."

"ती पडल्यावर कामाला येते," अक्का म्हणाली. "मी कुठे जाऊ पडायच्या आधी? मला सरकताही येत नाही."

भाची वैतागली. "आई, असं काय करतेस! जगभर लोक लावून घेतात."

"लाव म्हणतेय ना मीही. पण ज्यानं टांगलं तो आधी खाली झोपतो, हे या घरातलं आहे. तुझ्या बाबांना विचार." आणि छताकडे बघतच ती म्हणाली, "अहो, तुम्हीच टांगा."

दाजी दाराशी उभे होते. ते वळून बाल्कनीत गेले. फिटर बिचारा सगळ्यांकडे बघून शिडी मिटून निघून गेला. जाताना म्हणाला, "ठरलं की फोन करा."

मी दाजींच्या मागे बाल्कनीत गेलो. त्यांनी हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. आता हे त्यांचं रोजचंच झालं होतं, त्यांच्या हातातला कप बशीवर वाजायचा.

"हिच्या डोक्यावर टांगायचं, आणि या हातानं," ते म्हणाले. "तिला सांगा ना मेहुणे, फिटर चांगला आहे म्हणून."

"तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर तिला कळेल, मला माझीच भीती वाटते म्हणून."

मी म्हटलं, "तिला ते आरशापुढे वाकायला लागल्यापासून माहीत असेल."

त्यांनी हात मागे घेतला. मला त्यांची अडचण कळत होती. अक्कानं 'नको' म्हटलं असतं तर ते सुटले असते. ती 'हो' म्हणाली होती, आणि तेही नेमकं त्यांच्या हाताला. नाही लावलं तर ती छताकडे बघत संपून जाणार, आणि लावलं आणि पुन्हा हात सुटला तर, या वेळी पाणी प्यायला उठून जाणारं माणूस खाली नव्हतं.

खोकं आठवडाभर भिंतीला टेकून उभं राहिलं. मग दाजींचा फोन आला. "रविवारी लवकर या. येताना शेजाऱ्याकडून ड्रिल मशीन आणा. आणि जुने कपडे घाला, तुमची इस्त्री नको."

रजा घेऊन आलेल्या भाचीनं आणि मी पलंग ढकलत बाहेरच्या खोलीत नेला. दाजी आतल्या खोलीत स्टुलावर चढले आणि हातोडीच्या दांड्यानं छत ठोकत राहिले. टक, टक, टक. कान छताला लावून, घरात कोणी शिरलंय का ऐकावं तसं. जिथे गिलावा पोकळ वाजला तिथे फुली मारली. पंख्याची वायर कुठून गेली असेल तो पट्टा सोडला. जिथे आवाज भरीव होता तिथे पेन्सिलीनं गोल काढले. मी कागदावर छापलेल्या सूचना मोठ्यानं वाचत होतो. ते म्हणाले, "वाचा, वाचा. ऐकायला बरं वाटतंय."

ड्रिल मी धरलं. धूळ अंगावर येऊ नये म्हणून त्यांनी एक कागदी कप भोसकून ड्रिलच्या टोकात अडकवला होता. त्यांचा हात माझ्या कोपराखाली. "दाबा. अजून. हं, थांबा, आवाज बदलला." बोल्ट मात्र त्यांनी स्वतः आवळले. मी खालून त्यांच्या बोटांकडे बघत होतो. पान्यावर जोर येईपर्यंत ती थरथरत होती, जोर आला की स्थिर. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. खाली बघून म्हणाले, "ओझं धरलं की हात गप्प बसतो. रिकामा असला की वळवळतो. माझ्यासारखाच आहे."

सूचनांमध्ये नव्हतं असंही एक काम त्यांनी केलं. स्टँडपासून वेगळा एक आकडा छतात बसवला आणि त्यातून पोलादी तार घेऊन ती स्टँडला बांधली. सगळे बोल्ट निघाले तरी तारेनं ओझं धरावं म्हणून. मग टीव्हीच्या जागी वाळूच्या पिशव्या लटकवल्या, टीव्हीच्या कितीतरी जड, आणि म्हणाले, "लोंबू दे उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. पिशव्या काढल्या, टीव्ही चढवला. मिटून बघितला, उघडून बघितला. दाजी स्टुलावरून उतरले, कपडे झटकले आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "मेहुणे, तिथून कसं दिसतंय?"

मी दारात उभा होतो. म्हटलं, "थोडा डावीकडे."

त्यांनी पट्टी सैल करून टीव्ही सरकवला. "आता?"

"झकास."

इतक्या वर्षांनी हे दोन शब्द आमच्यात झाले होते. आम्ही दोघंही खुशीत होतो, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

मग दाजींनी जमिनीवर सतरंजी टाकली, टीव्हीच्या बरोबर खाली आडवे झाले आणि डोळे मिटले. "हं, हलवा." मी मूठ धरून टीव्ही खाली ओढला, वर ढकलला, हिसके दिले. ते ऐकत होते. खोलीत दुसरा आवाज नव्हता. शेवटी ते उठले. "चला, मोकळं."

पलंग आत आला. डोकं खिडकीला, पाय दाराकडे, नेहमीसारखा. भाचीनं वायर लावली. दाजींनी मूठ धरली आणि हलकेच टीव्ही खाली उतरवला. तो न करकरता उतरला, थोडा पुढे झुकला आणि थांबला.

पडदा दाराकडे होता. अक्काच्या डोळ्यांपुढे टीव्हीची काळी पाठ होती. तिच्यावर हवेच्या चिरा, चार स्क्रू, एक चिकटवलेला कागद आणि लोंबणाऱ्या वायरी.

 मी दारात, पडद्यासमोर उभा होतो, माझ्या जुन्या जागेवर. त्या माणसानं आयुष्यभर जे टांगलं ते प्रेक्षकांकडे तोंड करून टांगलं. दार म्हणजे प्रेक्षागृह आणि खिडकीची भिंत म्हणजे रंगमंचाची मागची बाजू, असा हिशेब त्याच्या हातांनी त्याला न विचारताच केला होता. तपासताना डोळे मिटलेले. आणि मी, ज्याच्यावर बघायचं काम होतं, मी प्रेक्षकांतून बघून 'झकास' म्हटलं होतं.

"हं," अक्का म्हणाली. "ओळखीचं वाटतंय."

आणि ती हसायला लागली. आवाज न करता, पोट हलवत. गळ्यातला पट्टा टोचायला लागला, डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं तरी थांबेना. भाची म्हणाली, "बाबा, हे उलटं लागलंय हो!" मग तीही हसली. मीही हसलो.

दाजी हसले नाहीत. ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. "गेलं," ते म्हणाले. "माझं सगळंच गेलं. त्या फिटरला फोन कर, पोरी."

अक्काचं हसणं थांबलं. तिनं हात बाजूला पसरला. तो हवेत त्यांना शोधत होता. त्यांनी तो धरला नाही तेव्हा ती म्हणाली, "मी विचारते त्याचं उत्तर द्या. हलतंय का ते?"

"नाही."

"करकरतंय?"

"नाही."

"तुम्ही खाली झोपला होतात?"

"झोपलो होतो."

"मग हात कुठे चुकला? तोंड चुकलंय. तोंड फिरवता येतं." आणि थोड्या वेळानं, "फिटरनं लावलं असतं तर मला आत्ता चित्र दिसलं असतं. पण डोळा मिटायची हिंमत झाली नसती. कोणाला फोन नको. रविवारी बाळ्या येईल तेव्हा फिरवा. तोवर राहू दे असंच."

"असंच? पाठ बघत?"

"मला काय नवीन आहे ती?"

तो आठवडा अक्का त्या पाठीखाली झोपली. दाजींनी मला नंतर सांगितलं की पहिल्या दुपारी ते पलंगाशेजारी बसून राहिले होते. वर टीव्ही मिटलेला, खाली ही. ते बघत होते ती डोळे मिटते का ते. तिनं जेवण झाल्यावर त्यांना सांगितलं, "खिडकीचा पडदा ओढा, उजेड लागतो," आणि ती झोपली. घोरायला लागली. "तेव्हा मला रडू आलं," ते म्हणाले. एवढंच सांगितलं आणि विषय बदलला.

रविवारी आम्ही सगळं पुन्हा केलं. नवी भोकं, जुनी भोकं सिमेंटनं बुजवली, तार नव्या आकड्यावर घेतली, पुन्हा वाळूच्या पिशव्या. दुसऱ्या दिवशी टीव्ही चढला. मी सवयीनं दारात जाऊन उभा राहिलो तर दाजी ओरडले, "तिथून नका बघू! इकडे या."

अक्काला बाहेरच्या खोलीत दिवाणावर निजवून त्यांनी तिचा रिकामा पलंग आणून जागेवर लावला होता. आधी ते नेमाप्रमाणे एकटे आडवे झाले, डोळे मिटून. मी टीव्ही हलवला. ते ऐकून झालं. मग ते म्हणाले, "आता तुम्ही शेजारी या." मी पाय झटकून त्यांच्या शेजारी चढलो. त्यांनी हात वर करून मूठ ओढली. आमच्या दोघांच्या तोंडावर पडदा उतरला आणि थोडा झुकून थांबला.

"आता डोळे उघडायचे," दाजी म्हणाले. ते स्वतःलाच सांगत होते. टांगलेल्या वस्तूखाली पडून डोळे उघडे ठेवण्याची त्यांची ती पहिली वेळ असावी. मला त्यांचा खांदा लागत होता. तो थोडा आकसला, मग सैल झाला.

दारातून भाची म्हणाली, "मामा, फोटो काढू का? छान जोडी दिसतेय."

अक्काला आत आणलं. योगायोगानं कुठल्याशा वाहिनीवर एक जुनं नाटक लागलं होतं. राजवाडा होता, झुंबर होतं. आयुष्यात पहिल्यांदा अक्का नाटक समोरून बघत होती. आम्ही तिचं तोंड बघत होतो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "समोरून एवढं काही विशेष नाही हो."

"का गं?"

"दोर दिसत नाहीत."

दाजी पलंगाच्या कडेला बसले होते. ते तिला हळूहळू सांगत गेले. हे झुंबर बहुधा दोन दोरांवर असेल. तो पडदा उजवीकडून ओढतात. आता बघ, चंद्र उतरेल. चंद्र उतरला. अक्का विचारत गेली आणि बोलत गेली. कोणत्या नटाच्या धोतराला विंगेत ठिगळ होतं, कोण खोक्यावरून पडलं होतं. नाटक संपायच्या आत ती झोपली.

आता टीव्ही मिटायचा होता. झोपलेल्या माणसाच्या तोंडावरून ते ओझं वर न्यायचं होतं. भाची पुढे झाली तर दाजींनी तिला खुणेनं थांबवलं. ते उठले. मुठीपर्यंत जाताना हात थरथरत होता. त्यांनी मूठ धरली, ओझं हातात घेतलं आणि ते पूर्ण वर जाऊन बसेपर्यंत सोडलं नाही. खटका बसल्याचा बारीक आवाज झाला. अक्का हलली नाही.

पुढच्या खेपेला मी गेलो तर फळीवरचं घड्याळ भिंतीवर गेलं होतं. आरसाही. खिळा अक्काच्या उंचीला मारलेला होता, ती उभी राहिली असती तर तिला बरोबर दिसेल असा. 

अक्का त्यानंतर आणखी एक हिवाळा जगली. बोलत, टीव्हीवरच्या नाटकांना नावं ठेवत, मला बाळ्या म्हणत. एका दुपारी झोपेत गेली. टीव्ही वर मिटलेला होता.

दिवस उलटले तसे चाकांचा पलंग परत गेला. भाचीनं बाबांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. दाजींनी मला बोलावलं. "येताना पाना आणा. माझा सापडत नाही."

टीव्ही उतरवला, तार सोडवली, स्टँड काढला. दाजींनी भोकं सिमेंटनं भरली आणि बोटानं सारखी केली. छतावर आता जुन्या आणि नव्या बुजवलेल्या भोकांचे डाग होते, आणि कोपऱ्यात तो नाक फुटलेला डाग. मी स्टूल बाजूला ठेवलं, खाली पडलेलं सिमेंट झाडून घेतलं. वळून बघतो तर दाजींनी रिकाम्या खोलीत सतरंजी टाकली होती आणि पलंग होता त्या जागी ते आडवे झाले होते. डोळे मिटलेले.

 मग म्हटलं, "दाजी, वर आता काही नाही."

"हो," ते म्हणाले. "तेच ऐकतोय."

मी केरसुणी भिंतीला टेकवली आणि पलीकडच्या कडेला बसून राहिलो. बऱ्याच वेळानं ते उठले, कपडे झटकले आणि सतरंजीची घडी घातली. तोंडातून नेहमीचे शब्द येतील म्हणून मी वाट बघितली. ते आले नाहीत.